पोटखराब

सातबारा हातात आला की माणूस आधी नाव पाहतो, मग क्षेत्र, मग इतर हक्कांत कुठला बोजा चढलाय का ते. क्षेत्राच्या पोटातच आणखी एक ओळ असते, तिच्यावर नजर थांबत नाही. पोटखराब. माझ्या आजोळच्या एका गटाला या ओळीत सहा गुंठे दाखवलेत, वर्ग ब. ते सहा गुंठे म्हणजे आमचा ओढा.

आमचा म्हणायची फक्त सवय. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या विसाव्या कलमाप्रमाणे नद्या, ओढे, नाले, त्यांची पात्रं आणि त्यांतलं वाहतं-साठलेलं पाणी सरकारचं. पोटखराबाचेही दोन वर्ग आहेत. अ वर्गात खडकाळ, पिकाला नालायक जमीन. ती कुणी घाम गाळून लागवडीखाली आणली तर नोंद बदलून घेता येते. ब वर्गात रस्ते, पाट, ओढे, स्मशानं, म्हणजे सगळ्यांच्या कामासाठी राखलेली जागा. ती पिकवायची नाही आणि तिला आकारही नाही. गावाला सगळ्यात जास्त लागणारी जागा आणि तिच्या नावात ‘खराब’. हा शब्द ओढ्याला कुणी चिकटवला, कधी चिकटवला आणि त्याच्या आधी ओढा कोण होता, हे शोधता शोधता मी त्याच्या उगमापर्यंत चालत गेले. बरोबर मामा होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण बांधावरून चालताना माझ्याच पुढे.

आजोळ पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात. कऱ्हा म्हणजे नदीच, पण मुंबई-पुण्याच्या माणसाला ती आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राच्या नावामुळे ठाऊक. अत्रे सासवडजवळच्या कोडीतचे. गराड्याच्या डोंगरात ती उगम पावते, सासवडला संगमेश्वराच्या देवळापाशी चांबळीचं पाणी घेते, जेजुरी आणि मोरगावच्या अंगानं बारामती गाठते आणि सोनगावला नीरेत मिसळते. कऱ्हा म्हणजे कमंडलू. ब्रह्मदेवाचा कमंडलू पांडवांनी लवंडला आणि त्यातून ती निघाली, अशी कथा या भागात सांगतात. कमंडलूभर पाण्याची नदी, हे वर्णन खोटं नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तिथून पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटरवर तो पाचशे-सहाशेवर येतो. पुरंदर त्या उतरणीवर बसलाय. ढग येतात, दिसतात आणि पुढं जातात.

अशा मुलखात कऱ्हेला जगवतात ते तिला दोन्ही बाजूंनी मिळणारे ओढे. आमचा त्यांतलाच एक, जेमतेम पाच किलोमीटर लांबीचा. गावात त्याला नाव नाही, नुसता ‘ओढा’. त्याला नाव आहे ते खालच्या गावात. तिथले लोक त्याला आमच्या गावाच्या नावानं ओळखतात. पाण्याला नाव खालचा माणूस देतो, कारण ते कुठून येतं याची फिकीर त्यालाच असते.

उगम म्हणून दाखवण्यासारखं काही नाही. गोमुख नाही, कुंड नाही. डोंगराच्या पोटाशी एक उंबर, त्याच्याखाली ओलसर दगड आणि त्यावर शेवाळ, एवढंच. पण तो उंबर तिथंच का, याचं उत्तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं आहे. दख्खनचा खडक एका दमात झालेला नाही. लाव्हा एकावर एक थरांनी पसरत गेला. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण झाला आणि वरचा भाग बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिला. तो झिजून मुरूम होतो. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं लाल गेरूसारखा पट्टा सापडतो. पावसाचं पाणी मुरमातून खाली उतरतं, काळ्या पाषाणावर येऊन अडतं आणि मग आडवं सरकतं. डोंगराचा उतार जिथं त्या थराला कापतो तिथं ते बाहेर डोकावतं. उंबर उगवतो तो नेमका त्या रेघेवर. मामांनी भूगर्भशास्त्र वाचलेलं नाही. ते म्हणाले, “वढ्याला पानी वरनं येत न्हाई बाय, बाजूनं येतं. वरनं येतं त्यो लोंढा. त्यो दोन दिसांत जातो.”

ओढा समजून घ्यायला याहून सोपी व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नाही. पाऊस थांबल्यावर महिनोन्‌महिने जे वाहतं ते दोन्ही काठांच्या शेतांखाली, मुरमात साठलेलं पाणी. ओढा हा त्या साठ्याचा सगळ्यात खालचा काठ. शेतांखाली पाणी आहे तोवर ओढा आहे.

आपल्या भाषेनं या वाहत्या पाण्याच्या वयाप्रमाणे नावं ठेवली आहेत. डोंगरउतारावर पडते ती घळ, शेतातून निघतो तो ओघळ, चार ओघळांचा ओहोळ, ओहोळांचा ओढा. कोकणात उतरलं की व्हाळ आणि पऱ्ह्या. नाशिकजवळच्या ओढा या गावाला आणि पनवेलजवळच्या वहाळला तर पाण्यानं आपलं नावच देऊन टाकलंय. सरकारी कागदावर मात्र घळीपासून ओढ्यापर्यंत सगळ्यांचा मिळून एकच नाला होतो. नाला म्हटलं की शहरातल्या माणसाच्या नाकात वास येतो. शब्द बदलला की त्या पाण्याकडे बघायची नजरही बदलते, असं मला या शोधात पुन्हा पुन्हा जाणवलं.

इंग्रजी मोजणीच्या आधी ओढा होता तो मुख्यतः शीव. दोन गावांच्या, दोन वाड्यांच्या, दोन भावांच्या मधली हद्द. दगडाची खूण रात्रीत हलवता येते, ओढा हलवता येत नाही, म्हणून त्याच्यावर भरवसा. अर्थात ओढा स्वतःहून हलतो. एखाद्या मोठ्या पुरात तो एका काठाची माती तोडतो आणि पलीकडे गाळाची मळई घालतो. मग शिवेचा तंटा उभा राहतो. असे तंटे मराठेशाहीच्या कागदपत्रांत भरपूर आहेत आणि त्यांत शेवटचा शब्द असायचा तो गावच्या महाराचा. शीव कुठून जाते हे पिढ्यान्‌पिढ्या त्यानं पायांनी जपलेलं. पाटील-कुलकर्ण्यांपेक्षा शिवेबद्दल त्याची साक्ष मोठी.

आणि शीव ज्याच्या साक्षीनं ठरायची त्यालाच त्या ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला भरता येत नव्हतं. आमच्या ओढ्यावर तीन पाणोठे होते, असं आजी सांगायची. सगळ्यात वर देवळाजवळचा डोह, मग गावठाणाखालचा आणि सगळ्यांचं धुणं, गुरं, राख वाहून आल्यावर राहील तो महारवाड्याचा. पाणी उतारानं वाहतं, हा निसर्गाचा नियम. तो उतार जातीसाठी वापरायचा, हे माणसांचं काम. १९२३ साली मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणोठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर केला. तो कागदावरून पाण्यापर्यंत नेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. तळ्याचं नाव इतिहासात राहिलं. गावोगावच्या ओढ्यांवर हे पाणोठे पुढं कितीतरी वर्षं तसेच राहिले आणि कुठल्या गावात ते कधी मोडले याची नोंद कुणी ठेवली नाही. आमच्या गावात आजी म्हणायची तसं ते नळ आल्यावर मोडले. ओढ्यावर माणसं एक झाली नाहीत. ओढाच सुटला.

उन्हाळ्यातलं एक चित्र मात्र मी स्वतः पाहिलेलं आहे. चैत्रात पात्र कोरडं पडलं की वळणाच्या आतल्या बाजूला, जिथं वाळू जाड असायची तिथं बायका झरा खणायच्या. हातभर खोल खड्डा. पहिलं पाणी गढूळ यायचं, ते उपसून टाकायचं आणि गप्प बसून राहायचं. हळूहळू तळाशी निवळ पाणी चढायचं, बोटभर, दोन बोटं. मग नारळाच्या करवंटीनं एकेक माप हंड्यात. पाणी ढवळणार नाही अशी करवंटी तिरपी धरून भरायची, ही आजीची शिकवण. एक हंडा भरायला पाऊण तास लागायचा. नंतरच्या बाईसाठी खड्डा तसाच सोडायचा, त्यावर काटेरी फांदी ठेवायची, गुरांनी तोंड घालू नये म्हणून. हे सगळं त्या सहा गुंठ्यांत, ज्यांना कागद खराब म्हणतो.

आता त्या कागदाकडे.

१८१८ साली पेशवाई गेली आणि कंपनी सरकारला इथल्या जमिनीचा सारा नव्यानं ठरवायचा होता. आर. के. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे भागात १८२० च्या दशकात पहिली मोठी मोजणी केली. शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्यातले ५५ टक्के सरकारनं घ्यायचे, असं त्याचं गणित. हिशेब कागदावर नेटका होता, पण आकडे शेतात उभे राहिले नाहीत. सारा झेपेना, लोकांनी जमिनी पडीक टाकल्या, कुणी निजामाच्या मुलखात निघून गेले. तेव्हा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून पुन्हा सुरुवात केली. पुढं १८४७ च्या संयुक्त अहवालात त्यांची पद्धत पक्की झाली आणि आजचा सर्व्हे नंबर, गुंठा, आकार हे सगळं तिथून आलं.

साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण त्यामागची साखळी डोळ्यांपुढं आली नव्हती. मोजणी झाली की प्रतवारी. कारकून शेताचे चौकोन पाडायचा, प्रत्येक चौकोनात माती उकरायचा, तिचा रंग, पोत पाहायचा आणि खोली हातांत मोजायचा, पावणेदोन हातांपासून पाव हातापर्यंत. मग दोष. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणं, असे ठरलेले दोष आणि त्यांच्या ठरलेल्या खुणा; दर दोषाला जमिनीची प्रत एक पायरी खाली. त्या दोषांत एक होता, वाहत्या पाण्यानं धुऊन जाण्याची भीती असलेली जमीन.

ओढा सरकारच्या वहीत शिरला तो असा, दोष म्हणून. काठाची जमीन एक प्रत खाली गेली आणि खुद्द पात्र नंबराच्या पोटातलं पण हिशेबातून वगळलेलं, म्हणून पोटखराब. ‘पोट’ म्हणजे इथं आतलं, जसं पोटहिस्सा, पोटजात. ‘खराब’ म्हणजे साऱ्याच्या दृष्टीनं निरुपयोगी. मोठे ओढे नंबरांच्या मधून बिननंबरी गेले, लहान ओढे नंबरांच्या पोटात राहिले.

विंगेटवर राग काढायला मी हे लिहीत नाही. त्याच्या पद्धतीनं कुणब्याचा सारा खरोखर हलका झाला, पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. ओढ्यावर आकार बसवला नाही हेही बरंच झालं. पण त्या वहीत ओढ्याची रुंदी लिहिली गेली, त्याचं पाणी लिहिलं गेलं नाही. कोण कुठं पाणी भरतो, कुणाची गुरं कुठं उतरतात, पाट कुणाच्या वाराला कुणाकडे, झऱ्यावर पाळी कुणाची, हे सगळं बोलण्यात राहिलं. जमिनीचा हक्क कागदावर चढला आणि पाण्याचा हक्क तोंडीच राहिला. पुढच्या दीडशे वर्षांत जे जे झालं त्याचं मूळ मला इथं दिसतं.

पहिलं शतक तसं फार बिघडलं नाही, कारण पाणी उपसायची ताकद बैलांची होती. ओढ्याच्या काठानं मोटेच्या विहिरी, प्रत्येकीला मळा. मामांना मोट हाकल्याचं अजून आठवतं. धावेवरून बैल मागं सरायचे, मोट पाण्यात बुडायची, मग बैल उतारानं पुढं आणि सोंदूर सैल पडला की पाणी धो धो थारोळ्यात. दिवसभर मोट चालली तरी रात्रीत विहीर पुन्हा भरायची. बैल थकायचे, विहीर थकायची नाही. जेजुरीत डोंगराचं पाणी अडवून बांधलेले पेशवे तलाव आणि होळकर तलाव अजून आहेत; पाणी उतारावर थोपवायचं शहाणपण या भागात जुनंच आहे. पण ते देवस्थानाला, दरबाराला परवडणारं. साध्या गावाला ओढा आणि मोट.

मग १९७२ आला. पाऊस सलग चुकला, मुरमातलं पाणी संपलं, ओढ्यातले झरेसुद्धा आटले. माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन दिवस काढले. दुष्काळी कामांत गावोगाव ओढ्यांवर मातीचे बांध पडले, पाझर तलाव झाले. ओढ्याच्या इतिहासात हे वळण मोठं आहे. तोवर ओढा वाहून जाणारं पाणी होता. आता पहिल्यांदा सरकारच्या लेखी तो अडवायचं पाणी झाला.

त्याच वेळी विलासराव साळुंखे नावाचे एक इंजिनिअर, पुण्यात कारखाना असलेले, पुरंदरमधली दुष्काळी कामं पाहायला आले. जे दिसलं त्यानं त्यांना परत जाऊ दिलं नाही. नायगावात देवस्थानाची चाळीस एकर उजाड उताराची जमीन त्यांनी खंडानं घेतली आणि तिथंच राहिले. उतारावर बांध घातले, तळाशी छोटा पाझर तलाव केला, तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खणली आणि तिचं पाणी पंपानं पुन्हा वर चढवलं. म्हणजे अख्ख्या ओढ्याचं गणित चाळीस एकरांत मांडून दाखवलं. माथ्यावर पडलेला थेंब मुरू द्यायचा, खाली येऊ द्यायचा आणि हिशेबानं वापरायचा.

पण बांध आणि विहिरी बाकीच्यांनीही केल्या. साळुंख्यांचं वेगळेपण पाणी पंचायतीच्या नियमांत आहे. पाणी जमिनीला नाही, माणसाला. घरातल्या दर माणशी अर्ध्या एकराचं पाणी आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, मग त्याची जमीन पन्नास एकर का असेना. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः घालायचा. आणि वाटप करायला गावानं नेमलेला पाटकरी.

मोजणीच्या वहीत जे लिहायचं राहिलं होतं ते नायगावात लिहिलं गेलं, असं मी म्हणेन. पाणी जमिनीपासून सोडवून माणसाच्या नावावर करणं ही साधी गोष्ट नव्हे. आजही आपला पाण्याचा कुठलाही वाद घ्या, जमीनवाल्याचं पाणी की गावाचं पाणी यावरच तो येऊन ठेपतो. साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या पद्धतीनं तालुक्यात आणि बाहेरही पुढं योजना उभ्या राहिल्या, काही चालल्या, काही वीजबिलात आणि भांडणात अडकल्या. आमच्या गावात मात्र ती सुरूच झाली नाही. बैठक झाली होती, मामा हजर होते. ज्यांच्या विहिरी ओढ्यालगत होत्या त्यांना आपलं पाणी माणशी मोजून घेणं पटलं नाही. त्यांत आमचीही विहीर होती.

त्यानंतर वीज आली, मोट माळ्यावर गेली, पाच अश्वशक्तीची मोटर विहिरीवर बसली. तीस फुटांची विहीर पन्नास फुटांची झाली. मग विंधनविहिरी, दोनशे फूट, तीनशे फूट. काठाच्या विहिरीतली पातळी ओढ्याच्या तळाखाली गेली की पाण्याची दिशाच उलटते. आधी शेताखालचं पाणी ओढ्यात यायचं, आता ओढ्यात जे येईल ते शेताखाली ओढलं जातं. मामांच्या लहानपणी संक्रांतीलाही ओढ्यावर धुणं असायचं. आता दसऱ्याला खडक उघडा पडतो. पाऊस काही एवढा कमी झालेला नाही. बाजूनं येणारं पाणी संपलं, वरून येणारा लोंढा तेवढा राहिला. वाळूही गेली, घरांच्या स्लॅबमध्ये. वाळू नाही तर झरा कुठं खणणार?

डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार सुरू झालं आणि एका उन्हाळ्यात आमच्या ओढ्यात पोकलेन उतरला. तीन आठवडे त्याचा आवाज गावात घुमत होता. वळणं सरळ झाली, करंज गेले, निरगुडी गेली, लव्हाळ्याचा पट्टा गेला, काठांवर मुरमाचे ढीग लागले. त्या पावसाळ्यात खोल केलेल्या पात्रात पाणी तुडुंब उभं राहिलं आणि विहिरी वर आल्या, हे खरं आहे. लोकांचा आनंद मी पाहिलाय. पण जिथं मुरमाचा थर उभा कापला गेला तिथं त्या थरातलं पाणी एकदम मोकळं झालं, जे सहा महिने पाझरायचं ते सहा आठवड्यांत निघून गेलं. आणि काठावरचे ढीग पहिल्या मोठ्या पावसात परत पात्रात आले. खोदायच्या आधी कुठं मुरूम आहे, कुठं पाषाण, हे पाहायला हवं होतं. उंबर कुठं उभा आहे एवढं पाहिलं असतं तरी निम्मं काम झालं असतं.

हल्ली ओढ्याला भर उन्हाळ्यात पाणी येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. पुरंदर उपसा सिंचन योजनेतून मुळा-मुठेचं पाणी डोंगरावर चढवून या बाजूच्या तलावांत आणि ओढ्यांत सोडतात. मुळा-मुठेचं म्हणजे पुणे शहरानं वापरून सोडलेलं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस धरणांत, तिथून पुण्याच्या नळांत, नळांतून नदीत, नदीतून पंपानं वर आणि आमच्या ओढ्यातून कऱ्हेत. मुळा-मुठा नाहीतरी भीमेलाच जाते. कऱ्हेचं पाणीही नीरेवाटे नरसिंहपूरला भीमेत पडतं. तेच पाणी, फक्त डोंगर चढून आडवाटेनं आलेलं. पात्रात वाकून पाहिलं तर कडेला फेस दिसतो आणि वास लपत नाही. मामा म्हणाले, “ऊस जगतो. प्यायला न्हाई.” पाणी आलं पाहिजे म्हणून गाव पैसे भरतं आणि त्यात उतरलेल्या पोरांना घरी आल्यावर अंघोळ घालतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मात्र पाणी वरूनच आलं. कात्रजच्या डोंगरापलीकडे पुण्यात आंबिल ओढ्यानं माणसं नेली, अलीकडे कऱ्हेला असा पूर आला की नाझरे धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि खाली बारामतीत नदीकाठची घरं रिकामी करावी लागली. आमच्या ओढ्यानं त्या एका रात्रीत पोकलेननं काढलेली सरळ रेघ सोडली आणि आपली जुनी वळणं पुन्हा घेतली. सकाळी मळ्यातल्या उसात गुडघाभर गाळ होता. गावकरी म्हणत होते, ओढा शेतात शिरला.

म्हणून मी टिपण काढलं. टिपण म्हणजे जुन्या मोजणीत प्रत्येक नंबराचा हातानं काढलेला आराखडा, साखळी आणि आण्यांचे आकडे घातलेला. भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल मिळायला चार खेपा पडल्या, पण मिळाली. आमच्या नंबराच्या पोटातून दोन नागमोडी रेघा गेल्या आहेत आणि आंब्याच्या खुणेपाशी, जिथं आज फक्त बुंधा उरलाय, त्यांच्यामध्ये आकडा आहे : एक साखळी चार आणे. म्हणजे सव्वाएकेचाळीस फूट.

मामांनी घरातून सोल आणला, त्यावर मी टेपनं मोजून गाठ मारली. पलीकडचा काठ खडकाचा, तो हललेला नाही. तिथं मामांचा नातू टोक धरून उभा राहिला. अलीकडे येताना मी पाहत होते, पाण्याची आजची कड गेली, बाभळ गेली, आमचा बांध आला. आजोबांनी घातलेला, मामांनी दर दोन-तीन वर्षांनी थोडा थोडा पुढं सरकवलेला. बांध कोरणं म्हणतात त्याला. शेजाऱ्याचा कोरला तर भांडण होतं, ओढ्याचा कोरला तर कुणी बोलत नाही. सोल अजून ताणला जात होता. मामा बांध ओलांडून खाली उतरले, गव्हात शिरले आणि गाठ आली तिथं थांबले. मी तास मोजले. बांधापासून अकरा.

मामा बराच वेळ सोल धरून तसेच उभे होते. मग कमरेला खोचलेली खुंटी काढून त्यांनी ती गव्हात ठोकली.